घरी आलेले फेफरे

ठाण्याच्या खाडीच्या मुखाशी, घारापुरीच्या बेटासमोर, सुमारे हजार फूट उंचीची जी टेकडी उभी आहे, तिच्या पायथ्याच्या गावाचे जुने नाव तुर्भे; इंग्रजी अंमलापासून ते ट्रॉम्बे या नावाने ओळखले जाऊ लागले. १५४८ साली पोर्तुगीज सरकारने चेंबूरसह हा मुलूख दों रोक तेलो दि मेनेझिस नावाच्या आपल्या एका सरदारास बहाल केला. १७३७ साली साष्टीबरोबर तो मराठ्यांकडे आला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्या कब्जावर शिक्कामोर्तब झाले. परंतु या परिसराचे आजचे रूप त्या सनदांनी आणि तहांनी घडविलेले नाही. ते घडविले मुंबई शहराने आपल्या दारापासून दूर लोटलेल्या वस्तूंनी आणि माणसांनी. १९०६ साली कुर्ल्याहून चेंबूरकडे जो लोहमार्ग टाकण्यात आला, तो शहराचा केरकचरा वाहून नेण्यासाठी. त्यावरून उतारू नेणारी गाडी धावू लागली ती १९२४ साली, म्हणजे कचऱ्यानंतर अठरा वर्षांनी. देवनारचे कचराक्षेत्र १९२७ पासूनचे. १९२८ साली अंधेरीहून ट्रॉम्ब्यापर्यंत एक स्वतंत्र लोहमार्गही सुरू झाला होता, पण तो अवघ्या सहा वर्षांत बंद पडला.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात येथे खनिज तेलाचे दोन शुद्धीकरण कारखाने उभे राहिले, अणुशक्ती संस्थेची स्थापना झाली, ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशिया खंडातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली, आणि त्याच वर्षी टाटांचे औष्णिक विद्युत्केंद्र सुरू झाले. या संस्थांच्या शेजारी, मध्य मुंबईतून उठवून आणलेल्या कुटुंबांची जनता कॉलनी नावाची वसाहत होती. आणीबाणीच्या काळात, १९७६ च्या मे महिन्यात, अणुसंशोधन केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसाठी ती जागा हवी म्हणून तेथील सुमारे ७०,००० माणसांना पुन्हा एकदा उठविण्यात आले आणि खाडीकाठच्या दलदलीच्या जमिनीवर नेऊन वसविण्यात आले. त्या जागेला चीता कॅम्प म्हणतात. या हकालपट्टीविरुद्ध जे लढले त्यांत ए. जॉकिन हे अग्रणी होते, आणि पुढे २००० साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले. तमिळ, मराठी, उर्दू, हिंदी बोलणारी ही माणसे ज्या दाटीने आणि ज्या ओलीत राहू लागली, त्या दाटीत व ओलीत क्षयरोग कसा फोफावतो हे सांगण्यास वैद्याची गरज नाही. चीता कॅम्प, मानखुर्द, गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी हा सगळा पट्टा महानगरपालिकेच्या दप्तरी ‘एम पूर्व’ विभाग म्हणून नोंदलेला आहे, आणि क्षयाच्या संदर्भात मुंबईत ज्या विभागाचे नाव प्रथम निघते तो हाच होय.

मला येथे जो इतिहास सांगावयाचा आहे, तो या रोगाचा नव्हे, तर या रोगावरील औषधाचा, आणि त्यातही त्या औषधाने येणाऱ्या फेफऱ्याचा. क्षयाच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आकडी येते. परंतु ज्या थोड्यांना ती येते, त्यांच्या घरी त्या दिवशी काय घडते, आणि त्यानंतर त्या गोळ्यांचे काय होते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, असे मला वाटत आले आहे.

औषधे निघण्यापूर्वी क्षयरोग्यास घरापासून दूर नेणे हाच उपचार होता. ज्याच्यापाशी पैसा असे तो पाचगणीस जाई; तेथे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम काढले होते. मिशनऱ्यांचे मिरजेचे आरोग्यधाम होते, आणि मुंबईच्या गरिबांसाठी पुढे शिवडीचे महानगरपालिकेचे रुग्णालय झाले. मोकळी हवा, दूध, अंडी, विश्रांती आणि प्रतीक्षा, असे त्या उपचाराचे स्वरूप असे. चाळिशीच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आले आणि वैद्यकाच्या हाती प्रथमच खरे शस्त्र लागले. पण ते सुईने टोचावे लागे, त्याने कान जात, आणि एकट्याने दिल्यास जंतू त्याला लवकरच दाद देईनासे होत.

मग १९५२ साल उजाडले. आयसोनियाझिड हा पदार्थ प्रत्यक्षात १९१२ सालीच प्रागमध्ये हान्स मायर आणि योसेफ माली या रसायनशास्त्रज्ञांनी पदवीच्या प्रबंधासाठी तयार केला होता, आणि चाळीस वर्षे तो कोणाच्या उपयोगी न पडता कागदावर पडून होता. बायर, स्क्विब आणि रोश या तीन कंपन्यांना, एकमेकींच्या नकळत आणि जवळजवळ एकाच वेळी, त्याचा क्षयावरील गुण आढळला. आणि पदार्थ जुना असल्यामुळे त्याच्यावर कोणालाच एकाधिकार सांगता आला नाही. जगातील गरीब देशांचे हे केवढे भाग्य! गोळी स्वस्त, तोंडाने घ्यावयाची, आणि जंतूंवर अत्यंत प्रभावी. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात हे औषध आणि त्याचे भावंड इप्रोनियाझिड ज्यांना देण्यात आले, ते अंथरुणाला खिळलेले रुग्ण भूक लागून खाऊ लागले, हसू-बोलू लागले आणि वॉर्डात नाचूही लागले, अशी वर्णने त्या काळच्या वृत्तपत्रांत आली. रोग हटण्याआधीच चित्तवृत्ती का उजळल्या, या प्रश्नाच्या पाठपुराव्यातून पुढे इप्रोनियाझिड हे विषादावरील पहिल्या औषधांपैकी एक ठरले. जो पदार्थ मेंदूला असे उल्हसित करू शकतो तो मेंदूला अन्य प्रकारेही हलवू शकतो, ही सूचना त्या नाचण्यातच दडलेली होती.

ती लवकरच उघड झाली. काही रुग्णांच्या तळपायांत मुंग्या येऊ लागल्या आणि आग होऊ लागली. मोठी मात्रा पोटात गेलेल्यांना आकड्या येऊ लागल्या. १९५४ पर्यंत बील आणि व्हिल्टर या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिले की, हे औषध शरीरातील ब-६ जीवनसत्त्वाची, म्हणजे पायरिडॉक्सिनची, तूट पाडते. या जीवनसत्त्वाच्या साहाय्याने मेंदू ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य तयार करीत असतो, आणि मज्जापेशींच्या उद्दीपनास लगाम घालणे हे त्या द्रव्याचे काम. ते कमी पडले म्हणजे लगाम सुटतो आणि पेशींचे थवेच्या थवे एकाच वेळी उसळतात. याला आपण फेफरे म्हणतो. आयसोनियाझिड अतोनात पोटात गेल्याने येणारी आकडी नेहमीच्या आकडीच्या औषधांना बहुधा दाद देत नाही. तेथे जितके ग्रॅम आयसोनियाझिड गेले असेल तितकेच ग्रॅम पायरिडॉक्सिन शिरेतून द्यावे लागते. ज्या जीवनसत्त्वाची साधी गोळी कवडीमोलाने मिळते, तेच येथे उतारा ठरते. आपल्या देशाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे: हे औषध पचवून बाहेर टाकण्याचा वेग माणसागणिक जन्मतः निराळा असतो, आणि आपल्याकडे निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरात ते मंदगतीने निकामी होते, म्हणजेच अधिक काळ रेंगाळते.

याच सुमारास मद्रासला एक असा प्रयोग झाला, ज्याचे वर्णन मी थोडे सावकाश करणार आहे. कारण ट्रॉम्ब्याच्या झोपड्यांशी त्याचा संबंध फार जवळचा आहे. १९५६ साली तेथे क्षयरोग रासायनिक उपचार केंद्र स्थापन झाले, आणि वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली शहरातील गरीब रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करण्यात आले. एका गटास आरोग्यधामात ठेवून, उत्तम आहार व विश्रांती देऊन उपचार केले. दुसऱ्यास त्याच्या दाटीवाटीच्या घरीच, त्याच्या कोरड्या भाकरतुकड्यावर आणि रोजच्या कष्टांवर ठेवून, केवळ त्याच गोळ्या दिल्या. वर्षअखेरीस दोन्ही गटांतील रुग्ण जवळजवळ सारख्याच प्रमाणात सुधारले, आणि घरी राहिलेल्यांच्या नात्यागोत्यात रोग अधिक पसरला असेही दिसले नाही. १९५९ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि आरोग्यधामांचे युग जगभर संपत आले. ज्या देशात क्षयरोग्यांची संख्या लक्षावधींत आणि खाटांची संख्या काही हजारांत, तेथे याहून मोठे वरदान कोणते? १९६२ पासूनचा आपला राष्ट्रीय कार्यक्रम याच निष्कर्षाच्या पायावर उभा राहिला.

त्याच मद्रासच्या केंद्राने हेही पाहिले की, आयसोनियाझिडची मात्रा वाढविली असता हातापायांच्या मज्जातंतूंचा दाह वाढतो आणि ब-६ जीवनसत्त्वाच्या अल्प मात्रेने तो टळतो. म्हणजे औषधाचा गुण, त्याचा दोष आणि त्या दोषाचा उतारा, हे तिन्ही एकाच छताखाली, एकाच दशकात कळून चुकले होते. परंतु उपचार जेव्हा आरोग्यधामाच्या खाटेवरून झोपडीत आला, तेव्हा त्याच्याबरोबर फेफरेही झोपडीत आले, आणि फेफऱ्याविषयीचे ज्ञान मात्र रुग्णालयातच राहिले. खाटेपाशी परिचारिका होती. चटईपाशी सासू होती, शेजारीण होती, धाकटा भाऊ होता. त्यांना कोणी काय सांगितले होते?

त्यांना परंपरेने जे सांगितले होते तेच त्यांनी केले, आणि अजूनही करतात. माणूस डोळे फिरवून कोसळला, हातपाय ताठले, तोंडाला फेस आला की आमच्या लहानपणी कोणी कांदा फोडून नाकाशी धरी, कोणी पायातले चामड्याचे पायताण हुंगवी, कोणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबी, आणि दातखीळ बसली म्हणून दातांत चमचा घाली. या रूढीचे मूळ फार जुने असावे. फेफरे दोन-तीन मिनिटांत आपल्या आपणच ओसरते, आणि ज्या क्षणी ते ओसरले त्या क्षणी जी वस्तू हातात होती तिला श्रेय मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या मिळत राहिले. चरकसंहितेत अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत, त्यांत स्मृतीचा लोप हे लक्षण म्हणून स्पष्ट सांगितले आहे आणि औषधयोजनाही सांगितली आहे; परंतु वैद्याचा अपस्मार आणि वस्तीतले फेफरे यांच्यामध्ये देवऋषी उभा राहिला, आणि बाहेरची बाधा, करणी, वारे ही कारणे आजार्‍यापेक्षा त्याच्या घरच्यांना अधिक पटली. प्रत्यक्षात करावयाचे ते इतकेच असते: माणसास कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ ठेवावे, आसपासच्या टोकदार वस्तू दूर कराव्या, तोंडात काहीही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत थांबले नाही, किंवा थांबून लगेच पुन्हा आले, तर रुग्णालयात न्यावे.

चीता कॅम्पसारख्या वस्तीत या एका व्याधीला किती नावे आहेत! मराठी घरात फेफरे, आकडी किंवा नुसती ‘फिट’. हिंदी-उर्दू घरात मिरगी किंवा दौरा. तमिळ घरात वलिप्पु. आणि क्षयाच्या गोळ्यांविषयी या सर्व घरांतून एकच वाक्य ऐकू येते: औषध गरम पडले. या तीन शब्दांत मळमळ, पायांची आग, झोप उडणे, चिडचिड, भ्रम आणि आकडी यांपैकी काहीही सामावलेले असू शकते. ज्याला औषध गरम पडले तो ते बंद करतो. त्याबद्दल कोणाकडे तक्रार करीत नाही, कोणाला विचारीत नाही, पुढच्या खेपेला दवाखान्यात जात नाही. अर्धवट सोडलेल्या औषधाने चिवट जंतू मागे उरतात हे आता सर्वांना माहीत आहे. ते औषध का सोडले गेले याची चौकशी मात्र क्वचितच झाली.

सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. डॉ. मुकुंद उपलेकर यांनी धारावीतील १०० खासगी डॉक्टरांना क्षयाची चिठ्ठी लिहून दाखविण्यास सांगितले, तेव्हा त्यांतून ८० निरनिराळे उपचारक्रम निघाले. तो अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. जवळजवळ वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी त्याच धारावीत १०६ डॉक्टरांना हेच विचारले. ६३ निराळे क्रम हाती आले, आणि योग्य चिठ्ठी लिहिणारे अवघे सहा निघाले. अशा चिठ्ठ्यांच्या छायेत वाढलेला जंतू पुढे कोणत्या थरास गेला, हे २०१२ च्या आरंभी, हिंदुजा रुग्णालयात याच उदवाडियांना उपलब्ध सर्व औषधांना न जुमानणारे चार रुग्ण आढळल्याची वार्ता आली, तेव्हा साऱ्या देशाला कळले.

या चिवट क्षयासाठी ज्या औषधांकडे वळावे लागले, त्यांत सायक्लोसेरीन हे एक. मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या सूक्ष्मजीवापासून मिळालेले हे प्रतिजैविक १९५५ साली जगापुढे आले, आणि एपस्टाईन, नायर व बॉइड यांच्या न्यूयॉर्कच्या आरंभीच्या प्रयोगांतच त्याचे दोन स्वभाव दिसले: जंतूंना ते मारी, आणि काही रुग्णांना फेफरे आणी. मनावरही त्याचा परिणाम होई. कोणी उगाच आनंदी होई, कोणी खिन्न, तर कोणाला भास होत. बाजारात उत्तम औषधे आल्यावर ते मागे पडले आणि दशकानुदशके फडताळात राहिले. ज्याला पूर्वीपासून अपस्मार आहे, जो अति मद्यपान करतो, ज्याचे मूत्रपिंड दुबळे आहे, त्याला ते देऊ नये, अशी सूचना त्याच्या पत्रकात प्रथमपासून आहे. आणि त्याच्याबरोबर ब-६ जीवनसत्त्वाची चांगली मोठी मात्रा द्यावी, असा प्रघात आहे. महाराष्ट्र व गुजरातमध्ये सरकारी कार्यक्रमातून चिवट क्षयाचा उपचार २००७ साली सुरू झाला, तेव्हा दोन वर्षे चालणाऱ्या त्या क्रमात सायक्लोसेरीन होते. शिवाय ऑफ्लॉक्सासिन, व पुढे लिव्होफ्लॉक्सासिन, होते, आणि त्या कुळातील औषधेही गाबाच्या कार्यात अडथळा आणून क्वचित आकडी आणू शकतात. एकाच मुठीत अशी दोन औषधे रोज घेणाऱ्याच्या घरच्यांना निदान एक वाक्य सांगून ठेवावयास नको होते काय?

ते सांगण्याचा प्रामाणिक प्रयत्न जेथे झाला, त्याची नोंद करणे मला अगत्याचे वाटते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था १९९९ पासून मुंबईत काम करीत आली. गोवंडीत तिचा दवाखाना होता, आणि एच.आय.व्ही. व चिवट क्षय हे दोन्ही एकदम जडलेले रुग्ण तेथे घेतले जात. अशा ६७ रुग्णांना उपचारात जे जे त्रास झाले, त्यांची काटेकोर नोंद तिने ठेवली आणि २०१२ साली प्रसिद्ध केली. सुमारे १० पैकी ३ रुग्णांना मानसिक स्वरूपाचा त्रास झाला होता, आणि त्याहून अधिकांना मज्जातंतूंचा. संबंध नोंदीचा निष्कर्ष असा की, त्रास वारंवार होतात खरे, परंतु कोणी रोज विचारणारे असेल तर बहुतेक त्रास औषध न सोडताही सांभाळता येतात. या छोट्या दवाखान्याचे काम मला पाचगणीच्या आरोग्यधामाइतकेच मोलाचे वाटते. खाटेशेजारची परिचारिका तिने पुन्हा, थोड्या वेगळ्या रूपात, रुग्णापाशी आणली.

सरकारी पातळीवर नोंदीची ही वहिवाट आपल्याकडे अलीकडचीच आहे. थॅलिडोमाइडने १९६१ साली युरोपात जो हाहाकार केला, त्यातून धडा घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली औषधांच्या दुष्परिणामांची आंतरराष्ट्रीय नोंदवही सुरू केली. आपल्याकडे २००४ साली राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला, तेव्हा त्याच्या विभागीय केंद्रांपैकी एक परळच्या के.ई.एम. रुग्णालयात होते, तो प्रयत्न तग धरू शकला नाही, आणि २०१० च्या जुलैत नव्या नावाने व नव्या अधिकाराने तो पुन्हा उभारावा लागला. पुढे रुग्णाने स्वतः भरावयाचा अर्ज निघाला आणि तो मराठी व तमिळसह अनेक देशी भाषांत उपलब्ध झाला. तोवर दुष्परिणाम कळविणे हा केवळ डॉक्टरचा अधिकार मानला जाई.

अर्ज भरणाऱ्यापुढची अडचण मात्र खरी आहे, आणि ती लपवून चालणार नाही. क्षयाच्या रुग्णाला आलेले फेफरे औषधाचेच आहे, हे कशावरून ठरवावे? क्षयाचा जंतू स्वतःच मेंदूच्या आवरणाला दाह करतो, मेंदूत गाठी करतो, आणि त्या गाठींनी आकडी येते. डुकराच्या पट्टकृमीच्या अळ्या मेंदूत शिरूनही येते. शिवाय ज्याला आधीपासून फेफऱ्याची गोळी चालू आहे त्याने क्षयाचा उपचार सुरू केला की, आयसोनियाझिड त्या गोळीतील फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण वाढविते आणि क्षयाचे दुसरे औषध रिफाम्पिसिन ते घटविते, त्यामुळे जुने फेफरे नव्याने डोके वर काढू शकते. म्हणून नुसत्या तर्कावर गोळी बंद करणे जितके धोक्याचे, तितकेच नुसत्या तर्कावर ती रेटत राहणेही धोक्याचे. तपासणी हवी, मेंदूचे चित्र हवे, आणि ते काढणारे यंत्र बहुधा वस्तीपासून दूरच्या मोठ्या रुग्णालयात असते.

२०२३ साली महाराष्ट्रात सायक्लोसेरीन, लिनेझोलिड आणि क्लोफाझिमिन या औषधांचा तुटवडा पडला, आणि ज्या गोळ्या गरम पडतात म्हणून लोक टाळीत त्याच गोळ्यांसाठी रुग्णांची माणसे औषधांच्या दुकानांतून वणवण फिरली. २०२४ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने चिवट क्षयासाठी सहा महिन्यांच्या नव्या उपचारक्रमास मान्यता दिली. बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन अशी त्यातील औषधे असून त्यांत सायक्लोसेरीन नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिन मात्र लिव्होफ्लॉक्सासिनच्याच कुळातील आहे. चीता कॅम्पच्या गल्लीत गोळ्या पोहोचविणाऱ्या आरोग्यसेविकेने म्हणून अजूनही, खोकला कसा आहे, वजन किती वाढले, हे विचारून झाल्यावर, आणखी एक प्रश्न विचारावयाचा असतो. आणि तो एकाच शब्दात विचारून भागत नाही. फिट आली का? झटका आला का? दौरा? वलिप्पु? फेफरं? यांपैकी एखाद्या शब्दावर दाराआडची सासू मान हलविते.